परसातील खुराडे आणि घरचे स्वावलंबन

आमच्या शहरांतील मध्यम स्थितीच्या गृहस्थाचे घर आज काय निर्माण करते, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे प्रामाणिक उत्तर 'कचरा' ह्या एका शब्दात द्यावे लागेल. जाते गेले आणि दळण गिरणीत गेले. पुढे गिरणीही नको झाली आणि पीठ पिशवीतून येऊ लागले. दुधाचे तेच, लोणच्या-पापडांचे तेच; आता भाजी निवडून आणि चिरून देणारेही दारी येतात. जे घर पूर्वी एक लहानशी कार्यशाळा होते ते केवळ गिऱ्हाईक होऊन बसले आहे. गिऱ्हाईक वाढले म्हणून आमच्या व्यापारी वाचकांस समाधान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु संध्याकाळी दुकानाला कुलूप लावून ते घरी गेले की तेही दुसऱ्या कोणाचे तरी गिऱ्हाईकच असतात, हे त्यांनी विसरू नये. ज्या देशातील घरे काहीच उत्पन्न करीत नाहीत, त्या देशाचे स्वावलंबन सभेतील व्याख्यानापुरतेच उरते. म्हणून आज आम्ही एका अगदी लहान, आणि पुष्कळांस हास्यास्पद वाटेल अशा विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधीत आहोत. तो विषय म्हणजे परसातील चार-पाच कोंबड्या.

विषय हास्यास्पद वाटणाऱ्यांनी प्रथम धनाढ्य राष्ट्रांकडे पाहावे. अमेरिकेत १८६२ साली अध्यक्ष लिंकन यांच्या कारकीर्दीत 'होमस्टेड' कायदा झाला आणि जो कुटुंबप्रमुख जमीन कसून तीवर राहील त्याला १६० एकर देण्याचे ठरले. ती जमीन तेथील मूळच्या रहिवाशांकडून हिरावून घेतलेली होती, हा त्या कायद्यामागचा काळा इतिहास होय. तथापि त्या शब्दाला पुढे जो अर्थ चिकटला तो विचार करण्याजोगा आहे. आपल्या अन्नाचा काही भाग तरी आपल्याच हातांनी व आपल्याच अंगणात पिकविणारे घर, असा तो अर्थ. पहिल्या महायुद्धात त्याच देशाच्या शेतकी खात्याने घरातील दर माणसामागे दोन कोंबड्या पाळा, असा उपदेश भित्तिपत्रकांवरून नागरिकांस केला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात अंड्यांवर शिधापत्रिका आली, तेव्हा जो आपल्या वाट्याच्या अंड्यांचा हक्क सोडील त्याला कोंबड्यांसाठी दाण्याचा शिधा देण्याची सोय तेथील सरकारने केली. आणि अगदी अलीकडे, २०२५ च्या मार्चमध्ये, पक्ष्यांतील साथीमुळे अमेरिकेत डझन अंड्यांचा सरासरी भाव सहा डॉलरांच्या वर गेला, तेव्हा त्या बलाढ्य राष्ट्राच्या शेतीमंत्र्यांनीही नागरिकांच्या दृष्टीस परसातील कोंबडीच आणून दिली. संकट आले की मोठमोठी राष्ट्रे ज्या पाखराकडे वळतात, ते संकटापूर्वीच पाळून ठेवणे हा शहाणपणा नव्हे काय?

आम्हांला तर हा धडा परक्यांकडून घेण्याचेही कारण नाही. लाल रानकोंबड्याच्या जोडीने आमच्या सह्याद्रीत आरवणाऱ्या करड्या रानकोंबड्याचेही रक्त जगातील पाळीव कोंबडीत आहे. कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग ह्या करड्या जातीकडून आला, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील एकंदर ८५ कोटी पाळीव पक्ष्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी परसातील निघाले. आणि २०१२ च्या गणनेशी ताडून पाहता परसातील संख्या शेकडा ४५ हून अधिक वाढली, तर कारखानी पद्धतीच्या पाळणुकीत शेकडा साडेचारचीच भर पडली. ज्यांना आम्ही अडाणी म्हणतो त्या भूमिहीन मजुरांच्या आणि आदिवासींच्या घरांनी हे धन राखले आहे; त्यातही ते मुख्यतः स्त्रियांनी राखले आहे. अंडी विकून आलेला पैसा बाईच्या चंचीत राहतो आणि मुलाच्या वहीला किंवा आजाऱ्याच्या औषधाला उपयोगी पडतो. नवऱ्यापुढे हात न पसरता खर्च करता येतील असे चार पैसे तिला देणारा हा कदाचित सर्वांत जुना धंदा असेल.

मग शहरातील सुशिक्षिताला कोंबडीची लाज का वाटते? ह्याचे खरे कारण आम्ही स्पष्ट सांगतो. ती लाज कोंबडीची नाही. ज्यांच्या दारी कोंबडी असे त्या माणसांची आहे. गावकुसाबाहेरच्या वस्तीचे, पाड्याचे आणि मोहल्ल्याचे जनावर म्हणून सोवळ्या आळीने तिला बाहेर ठेवले. सोवळे पुष्कळ ठिकाणी गेले, पण त्याची सावली राहिली. हॉटेलात बसून आम्लेट खाणारे आणि मुलांच्या शक्तीसाठी डझनांनी अंडी आणणारे गृहस्थ शेजाऱ्याच्या अंगणात खुराडे दिसताच नाक मुरडतात. अंडे चालते, पण ते देणारी चालत नाही. हा न्याय कोणत्या धर्मशास्त्रातला? ज्या श्रमावर आपण जगतो तो श्रम नजरेआड ठेवण्याची आमची जुनी खोड येथेही दिसते. जो घरी कोंबडी पाळून तिचे खुराडे स्वतःच्या हातांनी झाडील, त्याच्या मनातील उच्चनीचतेचे एक जळमट त्याच झाडूने निघेल, असे आम्हांस वाटते.

ज्यांना धर्माने किंवा मनाने अंडे वर्ज्य आहे त्यांच्यावर आमची कोणतीही सक्ती नाही, आणि कोणाचीही असू नये. मात्र अंड्यात जीवहत्या आहे, ह्या आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कोंबड्यावाचूनही कोंबडी अंडी घालते; त्या अंड्यात जीव नसतो आणि कितीही उबविले तरी त्यातून पिलू निघत नाही. गांधीजी स्वतः अंडी खात नसत. तरीही १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना लिहिलेल्या 'आरोग्याची किल्ली' ह्या पुस्तकात, ज्याला दूध चालते त्याला असे निर्जीव अंडे वर्ज्य असण्याचे कारण नाही, असे मत त्यांनी दिले. ज्याला हेही पटत नाही त्याने खुशाल खाऊ नये. परंतु दुसऱ्याच्या ताटाचा न्यायाधीश होऊ नये.

अहिंसेचाच प्रश्न काढावयाचा तर तो बाजारातील अंड्याविषयी अधिक विचारावा लागेल. कारखानी पाळणुकीने देशाची सेवा केली नाही, असे आम्ही म्हणत नाही. दलालांनी भाव पाडून पोल्ट्रीवाल्यांस बुडवू नये म्हणून १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती निघाली. तिचे मुख्य ठाणे आमच्या पुण्यातच आहे. २०२३-२४ साली देशात १४,२७७ कोटी अंडी निघाली आणि गरिबाला परवडेल असे सकस अन्न बाजारात आले, हे ह्या उद्योगाचे श्रेय होय. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पिंजऱ्यातील कोंबडीला सुमारे ४५० चौरस सेंटिमीटर जागा मिळते. वाचकांच्या टेबलावरील पत्राचा कागदही याहून मोठा असतो. तेवढ्यात ती पंख पसरू शकत नाही, माती उकरू शकत नाही. अंड्यांसाठी वाढविलेल्या जातीतील नर पिले निरुपयोगी म्हणून जन्मताच मारली जातात. पिंजऱ्यांच्या ह्या पद्धतीचा विचार विधी आयोगाने २०१७ सालच्या आपल्या २६९ व्या अहवालात केला आणि नियम सुचविले. जीवदयेचा उच्चार करणाऱ्यांनी परसात मोकळी चरणारी कोंबडी आणि ही पिंजऱ्यातील कोंबडी शेजारी शेजारी ठेवून पाहावी आणि मग कोणते खुराडे पापाचे, ते ठरवावे.

आता व्यवहाराकडे वळू. पाच कोंबड्यांस पंधरा-वीस चौरस फुटांचे खुराडे पुरते. ते जमिनीपासून हात-दीड हात उंच, वर पक्के छप्पर, बाजूंना बारीक जाळी आणि दाराला घट्ट कडी असे असावे. कारण मांजर, मुंगूस आणि उंदीर हे खुराड्याचे रोजचे पाहुणे असतात, आणि दिवसा घारीची नजर पिलांवर असते. खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरावा, आत बसण्यास आडवी काठी आणि अंडी घालण्यास अंधाऱ्या कोपऱ्यात एक पेटी ठेवावी. घरातील उष्टे, भाजीचे देठ, कणी, कोंडा आणि परसातील किडे यांवर तिचे निम्मे पोट भरते. उरलेल्यासाठी दाणा लागतोच. कवच घट्ट यावे म्हणून शिंपल्यांची भुकटी द्यावी. बुरशी आलेला दाणा किंवा शेंगदाण्याची पेंड मात्र कधीही घालू नये. बुरशीचे विष पक्ष्यांस मारते. विष्ठेचे खत उत्तम, परंतु ताजे घातल्यास ते झाडांची मुळे जाळते. ते पाल्याबरोबर कुजवून मगच बागेला द्यावे. एका बाजूने उष्टे आत जाते आणि दुसऱ्या बाजूने अंडे व खत बाहेर येते. ज्या घराचे उत्पन्न केवळ कचरा आहे असे आम्ही आरंभी म्हटले, त्या घराला यापेक्षा स्वस्त सुधारणा आम्हांस ठाऊक नाही.

जात कोणती घ्यावी, ह्या प्रश्नात स्वावलंबनाचे सारे मर्म आहे. पिंजऱ्यांतील पांढरी लेगहॉर्न मूळची इटलीची. ती वर्षाला २८० आणि त्याहूनही अधिक अंडी देते, पण खुडूक बसण्याची तिची प्रवृत्तीच निवडीने नाहीशी केली आहे. आमची गावठी कोंबडी चाळीस ते साठ अंड्यांवर थांबते, पण ती खुडूक बसते, एकवीस दिवस अंडी उबविते आणि पिलांना पंखाखाली घेऊन वाढविते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया ह्या जाती अंड्यांच्या बाबतीत ह्या दोहोंच्या मध्ये बसतात. जो केवळ अधिक अंडी देणारी जात आणील त्याला दीड-दोन वर्षांनी पुन्हा पिले विकत घ्यावी लागतील, म्हणजे अंड्याचे गिऱ्हाईक पिलांचे गिऱ्हाईक होईल, एवढेच. म्हणून सुधारलेल्या जातीच्या तीन-चार कोंबड्यांबरोबर एखादी तरी गावठी असावी, आणि पैदास करावयाची असेल तेव्हा कोंबड्याच्या संगतीतील सजीव अंडी आणून ती त्या खुडूक गावठीखाली ठेवावी. परक्याचे चांगले ते घ्यावे, पण वंश चालविण्याची शक्ती आपल्या घरी ठेवावी; कोंबड्यांपुरतेच हे तत्त्व खरे आहे असे नाही.

आमच्या व्यापारी वाचकांस जमाखर्चावाचून समाधान होणार नाही, म्हणून तोही मांडतो. मिश्र जातीच्या पाच कोंबड्या सरासरीने वर्षाला दीडशे अंडी देतील असे धरल्यास एकूण ७५० अंडी, म्हणजे आठवड्यास चौदा होतात. दर कोंबडीस रोज ६० ग्रॅम दाणा विकत घातला तर महिन्यास ९ किलो लागतो. दाणा किलोला ३० रुपये आणि अंडे नगास ७ रुपये असे धरले, तर महिन्याचा खर्च २७० रुपये आणि ६२ अंड्यांची किंमत ४३४ रुपये होते. भाव गावोगावी निराळे असतील. आकडे बदलून प्रत्येकाने हेच त्रैराशिक पुन्हा मांडावे. वर दिसणारे दीडशे-पावणेदोनशे रुपये लस, औषध, खुराड्याची डागडुजी आणि अधूनमधून एखादी दगावलेली कोंबडी यांत बहुतेक जातात. पिले आणल्यापासून पहिले अंडे दिसेपर्यंत पाच-सहा महिने केवळ खर्चच असतो, तोही विसरून चालणार नाही. तात्पर्य, पाच कोंबड्यांनी कोणी श्रीमंत होणार नाही. लाभ होतो तो ताज्या अन्नाचा, खताचा आणि मुलांच्या शिक्षणाचा. अन्न दुकानात उगवत नाही, त्यासाठी रोज पहाटे उठून कोणाला तरी पाणी बदलावे लागते, हे ज्ञान कोणत्याही क्रमिक पुस्तकाने इतके पक्के होत नाही.

म्हणूनच ह्या मार्गाने झटपट धनवान करण्याचे आमिष दाखविणारा दिसला की वाचकांनी खिसा सांभाळावा. झाबुआच्या काळ्या कडकनाथ कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आणि दुसऱ्याच वर्षी, आम्ही पिले देतो, अंडी व पक्षी चढ्या भावाने परत घेतो, अशा करारांत आपल्या राज्यातील पुष्कळ शेतकरी ठकविले गेले. त्यात कोंबडीचा दोष नव्हता. जो माल बाजारात कोणीच त्या भावाने घेत नाही, तो एकटा विकणाराच परत घेणार असेल, तर नव्या गिऱ्हाइकाच्या पैशातून जुन्याचे देणे भागविले जात आहे, एवढे तर्कशास्त्र सही करण्यापूर्वी लढविले असते तर पुढची कोर्टाची पायरी वाचली असती.

दुसरी भीती रोगाची. आणि ती खोटी नाही. २००६ च्या फेब्रुवारीत भारतात पहिल्यांदा बर्ड फ्लू आढळला तो नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात. २०२१ साली तो तेथे पुन्हा आला. दोन्ही वेळी लाखो पक्षी मारावे लागले. परंतु भिऊन बसण्यापेक्षा नियम पाळणे बरे. रानपक्ष्यांशी पाण्याची भांडी सामाईक नसावी. खुराड्यात हात घातल्यावर ते साबणाने धुवावे. अंडी व मांस पूर्ण शिजवावे. आणि एकाएकी पक्षी मरू लागल्यास ते गुपचूप गटारात न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्याने हे कळविणे मालकाचे कर्तव्यच ठरविले आहे. बर्ड फ्लूपेक्षा परसातील कोंबड्यांचा नेहमीचा शत्रू म्हणजे राणीखेत, म्हणजेच मानमोडी. त्यावर लस आहे आणि ती स्वस्त आहे. अडचण इतकीच की लशीची कुपी शंभर वा अधिक पक्ष्यांची येते आणि एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांच्या मालकाने ती एकट्याने घेणे व्यर्थ; आळीतील वीस घरांनी एक दिवस ठरवून घेतली तर दर घरास ती नगण्य खर्चात पडते. एकट्याचे स्वावलंबन शेजाऱ्यावाचून पुरे होत नाही, हे ही लहानशी कुपीच शिकविते.

शेजाऱ्याचा उल्लेख आला म्हणून कायद्याचे दोन शब्द. आपल्या आवारात कोंबडी पाळण्याचा हक्क सांगणाऱ्याने शेजाऱ्याच्या झोपेचा व नाकाचा हक्कही मानला पाहिजे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० ने सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या केली आहे. दुर्गंधी, माश्या आणि कर्कश आवाज यांनी लोकांस त्रास झाला तर 'माझे परस, माझी मर्जी' हा बचाव टिकत नाही. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नाही, म्हणून दाट वस्तीत तो ठेवूच नये. आरवण्याची तक्रार तेथेच मिटते. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात जनावर कोंडणे हाही अपराध ठरविला आहे. नगरपालिकांचे व गृहनिर्माण संस्थांचे नियम ठिकठिकाणी निराळे असल्यामुळे खुराडे बांधण्यापूर्वी लेखी विचारणा करावी. नगरपालिकांसही आमची सूचना आहे की त्यांनी ह्या बाबतीत संदिग्धता ठेवू नये. पाच-सहापर्यंत कोंबड्या, कोंबडा नाही, शेजाऱ्याच्या खिडकीपासून ठराविक अंतर, रोजची स्वच्छता आणि लसीचा दाखला, एवढ्या अटींवर परवानगी द्यावी, आणि महिन्यातून एक दिवस लसीकरणाचा ठरवावा. परवानगीचे साधे नियम नसले की प्रामाणिक मनुष्य भितो, आणि बाकीचे खालच्या कारकुनाच्या मेहेरबानीवर चालते.

ह्या सर्व विवेचनामागे एक मोठा प्रश्न उभा आहे, आणि त्याचा उच्चार केल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मते दर माणसास वर्षाला १८० अंडी मिळावयास पाहिजेत; २०२३-२४ साली देशात दरडोई मिळाली ती १०३. ही सरासरी झाली. ज्याच्या ताटात एकही पडत नाही त्याचा हिशेब तीत दिसत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शेकडा ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि सहा महिने ते पाच वर्षे ह्या वयातील शेकडा ६९ मुलांत रक्तक्षय दिसला. आपल्या सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात शाळेतील दुपारच्या जेवणात आठवड्यास एक अंडे, आणि न खाणाऱ्यास केळे, देण्याचे ठरविले. काही मंडळींनी त्यावर आरडाओरड केली. २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्यासाठीचा पैसा काढून घेतला आणि ज्या शाळांस अंडी द्यावयाची असतील त्यांनी लोकवर्गणीतून द्यावी, असे सांगितले. ज्या गावातील लोकांना वर्गणी देणे परवडते त्या गावातील मुलांना अंड्याची निकड कमी. आणि जेथे निकड अधिक तेथे वर्गणी कोठून येणार? ज्या मुलाच्या घरी अंडे खाल्ले जाते, पण विकत घेण्यास पैसा नाही, त्याच्या ताटातून ते काढून घेणे हा काटकसरीचा प्रकार आम्हांस समजत नाही.

परसातील खुराडे हे सरकारच्या ह्या कर्तव्याला पर्याय होऊ शकत नाही. ते पर्याय आहे असे भासवून जबाबदारी झटकणाऱ्यांच्या हाती आमचा लेख पडू नये, म्हणून हे मुद्दाम लिहितो. परंतु ज्या समाजातील प्रतिष्ठित घरांत कोंबडी उघडपणे आणि अभिमानाने पाळली जाईल, त्या समाजात अंडे हा कुजबुजीचा विषय राहणार नाही, आणि शाळेतील मुलाच्या ताटावर बोट ठेवण्यास कोणी सहजासहजी धजणार नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आमच्या बायाबापड्या फार पूर्वीपासून सांगत आल्या आहेत. आम्ही मात्र लाजेच्या डालग्याखाली कोंबडीच झाकून ठेवली आहे. ज्यांना परस आहे त्यांनी ते डालगे उचलावे. ज्यांना नाही त्यांनी आपापल्या नगरसेवकाकडे नियमांची आणि आमदाराकडे शाळेतील अंड्याच्या पैशाची मागणी करावी. दोन्ही कामे एकाच स्वावलंबनाची आहेत, आणि दोन्हींना उद्याची सकाळ हा मुहूर्त पुरेसा आहे.